आगोटीचा हिशेब

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कसारा आणि माळशेज या दोन घाटांच्या पायथ्याशी पसरलेल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत वर्षाची वाटणी सारखी होत नाही. चार महिने आभाळ इतके देते की ते साठवायला जागा पुरत नाही, आणि उरलेले आठ महिने त्या देण्यावर निभवावे लागतात. येथील घर चालवणे म्हणजे ही असमान वाटणी सारखी करत राहणे होय, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या आईकडे आलेले आहे. म्हणूनच या भागातील काटकसरीचा व्यवहार पैशाचा कमी आणि ऋतूंचा अधिक असतो. कार्तिकात खळ्यावर आलेले भात आषाढ-श्रावणापर्यंत पुरवणे आणि चैत्र-वैशाखाचे ऊन भाद्रपदाच्या ओलीत उपयोगी पडेल अशा रूपात साठवून ठेवणे, हा या काटकसरीचा गाभा आहे.

या कामाची खरी परीक्षा आगोटीला होते. पावसाला तोंड लागण्याचा काळ म्हणजे आगोट, आणि तो येण्यापूर्वी घरात जी भरणी करून ठेवायची तिला आगोटीची बेगमी म्हणतात. मृगाच्या सरी सुरू झाल्या की ओढे भरतात, पाड्यावरून बाजाराला जाणारी वाट चिखलात बुडते आणि शेतावरच्या लावणीतून मान वर काढायला सवड उरत नाही. तेव्हा मीठ, मिरची, तेल, कडधान्य, सुकी मासळी आणि जळण हे सारे त्याआधी घरात आलेले असावे लागते. वैशाखात अंगणे वाळवणाने भरून जातात. कैरीच्या फोडी मीठ लावून वाळवल्या की त्यांची आंबोशी होते आणि पुढे तीच वरणाला आंबटपणा देते. चिंच फोडून, चिंचोके काढून, मिठासह गोळे करून मडक्यात भरली जाते. फणसाच्या आठळ्या धुऊन, सुकवून, मातीत किंवा राखेत पुरल्या जातात. भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर पेरलेला कडवा वाल उन्हाळ्याच्या तोंडी घरात येतो, आणि त्याला भुंगा लागू नये म्हणून चुलीतल्या चाळलेल्या राखेत घोळवून ठेवण्याची रीत आहे. चुलीतून निघालेली राख अशा रीतीने आधी धान्य राखते आणि मग भांडी घासते. या घरात टाकून दिलेली म्हणावी अशी वस्तू शोधूनच काढावी लागते.

भाताच्या एका दाण्याचा प्रवास पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. झोडणी झाल्यावर भात कणगीत जाते. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि शेणमातीने आतबाहेर लिंपलेली उंच, पोटाळ टोपली. त्यातले बियाण्याचे भात वेगळे काढले जाते आणि घरात कितीही ओढ असली तरी त्याला हात लावायचा नाही, हा नियम सासूकडून सुनेकडे येतो. उरलेले भात भरडून आणले की अख्खा तांदूळ सणासुदीला आणि पाहुण्यांसाठी राहतो, तुटलेल्या कणीची पेज होते किंवा तिच्या पिठाच्या भाकऱ्या होतात, कोंडा कोंबड्यांना आणि दुभत्या जनावराला जातो, तूस जळणाला लागते, आणि पेंढा गोठ्यातल्या बैलांना वर्षभर पुरवून उरला तर छपरावर चढतो. तांदूळ धुतलेले पाणीही मोरीत सांडत नाही. ते गुरांच्या आंबोणात पडते. शेतातही हेच तत्त्व चालते. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या कवळ्या फांद्या आणि माती यांचे थर देऊन ते मंद जाळण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. त्या आचेने तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि जूनमध्ये पेरलेले रोप जोमाने वर येते. राबामुळे झाडांची तोड होते हा आक्षेप खरा आहे, आणि राब न जाळता भात पिकवण्याचे प्रयोगही कोकणात झाले आहेत. तथापि पदरचे पैसे न मोडता हाताशी असलेल्या वस्तूंतून पीक उभे करण्याची जी बुद्धी त्यामागे आहे, ती या घरांच्या एकंदर रीतीशी सुसंगत आहे.

पाण्याच्या बाबतीत ही काटकसर निवडीची राहत नाही, ती लादलेली असते. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण 1892 साली पूर्ण झाले, वैतरणेवरचे मोडकसागर 1957 साली, आणि पुढे भातसा धरण झाले. ही तिन्ही शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत. महानगराची तहान भागवणाऱ्या याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते आणि कोरड्या विहिरीच्या तळाशी झिरपणारे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरावे लागते. डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी घेऊन चढ चढलेल्या बाईला थेंबाचे मोल शिकवावे लागत नाही. भाजी धुतलेले पाणी ती भांड्यांना वापरते, भांड्यांचे पाणी परसातल्या अळवाला किंवा केळीला घालते, आणि राखेने घासलेल्या भांड्याचा चिकटा कमी पाण्यात सुटतो म्हणून साबणाच्या वडीपेक्षा राखेवर तिचा भरवसा अधिक असतो. मात्र या कसरतीचे कौतुक करताना ती जिथून सुरू होते तो अन्याय झाकला जाऊ नये. धरणाच्या कुशीत राहून पाण्यासाठी वणवण करणे याला गुण म्हणता येत नाही.

विकत घ्यावे लागत नाही असे बरेचसे अन्न रानातून येते, परंतु ते फुकट मिळते असे समजणे चूक ठरेल, कारण त्याची किंमत जाणकारीत मोजावी लागते. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारे शेवळे हे त्याचे चांगले उदाहरण आहे. सुरणाच्या कुळातील या वनस्पतीचा जांभळट दांडा चवदार असला तरी घशाला खाजतो. म्हणून त्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकून, उरलेला बारीक चिरून, काकड नावाच्या झाडाच्या आंबट फळांसह तो शिजवावा लागतो, तेव्हा कुठे त्याची खाज मरते. कोणती भाजी कोणत्या आठवड्यात कोवळी असते, कशाचा पाला पहिल्या पाण्याला उकळून ओतून द्यायचा आणि कशाचा नाही, हे ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी बायकांना पाठ असते. टाकळा, कुरडू, लोत, भारंगी आणि कंटोळी यांच्या जोरावर जुलै-ऑगस्टचे ते ओढग्रस्तीचे आठवडे पार पडतात, जेव्हा कणगीचा तळ दिसू लागलेला असतो आणि नवे भात अजून शेतात हिरवेच असते. मोहाची वाळवलेली फुले आणि त्याच्या बियांचे तेल यांनीही अनेक घरांची वर्षे निभावून नेली आहेत. हे ज्ञान लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे त्याची साठवणही घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीतच झालेली असते.

ही सारी धडपड कशासाठी, हे समजण्यास कर्जाचा इतिहास पाहावा लागतो. पावसाळ्यात खाण्यासाठी उसने घेतलेल्या धान्याला खावटी म्हणतात. ती सवाईने घेतली तर मणाला सव्वा मण आणि दिढीने घेतली तर दीड मण सुगीत परत द्यावे लागे, म्हणजे नवे पीक घरात येण्याआधीच सावकाराचे झालेले असे. त्याहून भयंकर गोष्ट लग्नाची होती. ठाणे जिल्ह्यातील आदिवासींत लग्नखर्चासाठी उचललेल्या थोड्याशा रकमेपायी गडी आणि त्याची बायको सावकाराकडे वर्षानुवर्षे राबत, आणि अशा गड्याला लग्नगडी असे नावच पडले होते. वेठबिगारीची ही प्रथा 1976 च्या कायद्याने बंद केली, तरी दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जाणारी आणि पावसाच्या तोंडी परतणारी कातकरी कुटुंबे आजही दिसतात. अशा पार्श्वभूमीवर कणगीत उरलेले दोन पायली भात म्हणजे केवळ दोन पायली भात राहत नाही. तेवढ्या दिवसांपुरते कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, आणि हीच या बेगमीची सर्वांत मोठी मिळकत आहे.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत शहापूर-मुरबाड आणि वसई हे एकाच ठाणे जिल्ह्याचे भाग होते, आणि आगोटीचा हिशेब वसईच्या कॅथलिक घरांतही तितक्याच काळजीने मांडला जाई. किनाऱ्यावरच्या वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या आडव्या मांडणीवर, तोंडात तोंड अडकवून वाळवलेले बोंबील हे या दोन्ही प्रदेशांना जोडणारे अन्न होय; जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा घाटपायथ्याच्या पेजेबरोबर आणि वसईच्या भाताबरोबर तोच एक बोंबील भाजला जातो. कॅथलिक आईच्या वर्षाला पावसाखेरीज चर्चच्या दिनदर्शिकेचीही आखणी असते. राखेच्या बुधवारी सुरू होणारा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तिच्या स्वयंपाकघराला आवरते घेतो, शुक्रवारी मांस वर्ज्य होते, आणि वाचलेले दानासाठी बाजूला पडते. म्हणजे येथे बचतीला दुसऱ्याच्या भुकेशी जोडून दिलेले आहे. ईस्टरनंतर उन्हे तापली की वर्षाच्या मसाल्याची घाई होते. मिरच्या, धणे, हळद आणि अनेक परींचे मसाले एकेक करून उन्हात कडक वाळवायचे, निगुतीने भाजायचे, कुटायचे, आणि मग ती पूड काचेच्या गडद बाटल्यांत काठीने ठासठासून भरायची, म्हणजे आत हवा राहत नाही आणि रंग वर्षभर उतरत नाही. दारूच्या रिकाम्या बाटल्यांना असे सत्कारणी लावणारा हा ‘बाटली मसाला’ उत्तर कोकणातील ख्रिस्ती घराघरांची ओळख झाला.

या घरगुती बचतीला संस्थेचे रूपही वसईतच मिळाले. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात रायफायझन यांनी खेड्यांतील छोट्या बचती एकत्र करून पतपुरवठ्याच्या सहकारी मंडळ्या उभारल्या. त्या विचाराच्या प्रभावाने भारतात 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा आला, आणि 1918 साली मोन्सेनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने वसईत कॅथलिकांची सहकारी पतसंस्था सुरू झाली, जी पुढे बँक म्हणून वाढली. ख्रिस्ती शिकवणुकीत मनुष्याला संपत्तीचा मालक न मानता विश्वस्त मानले जाते, म्हणजे जे हाती आहे ते सांभाळून, वाढवून, गरजूंसह वाटून घ्यायचे असते. शुभवर्तमानातील भाकरी-मासळीच्या प्रसंगी हजारो लोक तृप्त झाल्यावरही उरलेले तुकडे टोपल्यांत गोळा करवले जातात, हे त्या दृष्टीने लक्षणीय आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली पर्यावरणावर काढलेल्या परिपत्रकात, खाल्ले जाईल तेवढेच रांधणे आणि वस्तू टाकून न देता पुन्हा वापरणे यांसारख्या साध्या गोष्टींना धर्माचरणाचे मोल दिले. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरील आईने ते परिपत्रक वाचलेले नसते. पण अन्नाला पाय लागला तर ती ते उचलून कपाळाला लावते, आणि त्या हालचालीत हाच विचार असतो.

अलीकडे कणगीच्या शेजारी बचत गटाची वही आली आहे. बँकांशी गट जोडण्याचा कार्यक्रम देशात 1992 पासून आणि राज्याचे ‘उमेद’ अभियान 2011 पासून चालू आहे. दर महिन्याला ठरलेली लहान रक्कम जमा करणाऱ्या दहा-वीस बायका एकमेकींना आजारपणासाठी, बियाण्यासाठी, शाळेच्या फीसाठी कर्ज देतात, आणि त्यावरचे व्याज सावकाराच्या पेटीत न जाता गटातच राहते. मात्र वही आली की अक्षर लागते. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या प्रयत्नाने 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, आणि साठी ओलांडलेल्या बायका दुपारची कामे उरकून, गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तरासह तेथे बसू लागल्या. आयुष्यभर पायल्या, शेर आणि आठवडे तोंडी जुळवत घराचा कारभार निभावलेल्या या बायकांना हिशेब येतच होता. अंगठ्याच्या जागी सही आली तेव्हा तो कागदावरही त्यांच्या नावावर झाला.

या साऱ्या जमाखर्चात एक रकाना मात्र कोणीच भरत नाही. मुरबाड तालुक्यातील म्हसा गावच्या पौष पौर्णिमेच्या यात्रेत घोंगडी घ्यायची की मुलाची वह्या-पुस्तके, असा प्रश्न पडतो तेव्हा आईचे लुगडे आपोआप पुढच्या वर्षावर जाते. भाकरी कमी पडते तेव्हा शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटातली कमी पडते, आणि घराला ती बचत वाटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि त्या आकड्याची कारणे अनेक असली तरी आईच्या ताटातून काढलेली ही बचत त्यांतून वगळता येणार नाही. पाण्याचा, धान्याचा आणि जळणाचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या घराने स्वतःच्या कर्त्या बाईचे रक्त मात्र बेहिशेबी खर्च करावे, यासारखी दुसरी उधळपट्टी नाही. कणगीत भात आहे, मडक्यात वाल आहे, वहीत पैसे आहेत, आणि आईच्या ताटात सगळ्यांच्या ताटाइतकेच वाढलेले आहे, असे ज्या घरात दिसेल तेच घर काटकसरीने चालले असे म्हणावे.