नाकारलेल्या चित्ताचे निरीक्षण

मत्सर, भित्रेपणा, आप्तांविषयीची अढी अशा ज्या वृत्तींची माणसाला स्वतःलाच लाज वाटते, त्या आपल्यात नाहीतच असे मानून जगण्याची सवय जडली, की त्याच वृत्ती त्याला इतरांमध्ये ठळकपणे दिसू लागतात. मनाच्या या नाकारलेल्या भागाला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी ‘छाया’ म्हटले. मराठी घरांतील संस्कार काम-क्रोधादी षड्रिपूंशी लढायला शिकवतात, आणि त्यामागील नैतिक कळकळ खरीच आहे. परंतु ज्याच्याशी लढायचे त्याच्याकडे शांतपणे पाहणे अवघड होऊन बसते.

असे पाहण्याची एक वाट बौद्ध परंपरेत आहे. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातील दहाव्या, म्हणजे सतिपट्ठान सुत्तात, चित्तानुपस्सना ही साधना सांगितली आहे. चित्त ज्या क्षणी जसे असेल तसे त्याला जाणणे, हे तिचे स्वरूप. तेथे चित्ताच्या सोळा अवस्था आठ जोड्यांत मांडल्या असून, सराग (आसक्तीने युक्त) चित्त सराग आहे हे साधकाने जसे जाणायचे, तसेच वीतराग चित्त वीतराग आहे हेही जाणायचे. दोहोंकडे पाहण्याची रीत एकच असावी, हे या सुत्ताचे औदार्य विलक्षण आहे.

सत्यनारायण गोएंका यांनी १९६९पासून भारतात शिकवलेल्या विपश्यनेत हे जाणणे शरीराच्या आधाराने होते. इगतपुरीच्या धम्मगिरीवरील दहा दिवसांच्या शिबिरात आरंभी श्वासावर लक्ष स्थिर केले जाते (यालाच आनापान म्हणतात) आणि मग अंगभर उमटणाऱ्या संवेदना समतेने, म्हणजे हव्या-नकोशाच्या पलीकडे राहून, न्याहाळल्या जातात. या पद्धतीचे मर्म येथेच आहे. मत्सर विचाराच्या रूपाने येतो तेव्हा तो स्वतःची बाजू मांडतो, जुने अपमान पुढे करतो आणि पाठोपाठ त्याचा धिक्कार करणारा दुसरा विचारही येतो. तोच मत्सर छातीतील आवळ किंवा घशातील कोरड म्हणून जाणवला, की समर्थन आणि धिक्कार दोन्ही काही काळ निराधार होतात, आणि वर्षानुवर्षे नाकारलेली वृत्ती सहन करण्याजोगी ठरते.

असा स्वीकार म्हणजे त्या वृत्तीला मोकळे रान देणे नव्हे. त्याच सुत्तात पुढे कामच्छंद (विषयांची लालसा), व्यापाद (द्वेष) आदी पाच नीवरणे, म्हणजे चित्तावरील आवरणे, कशी उपजतात आणि कशी सुटतात हेही जाणायला सांगितले आहे. मात्र ज्यांच्या नाकारण्यामागे खोल आघात दडलेला असतो, त्यांना दीर्घ मौन असह्य होऊ शकते, म्हणून त्यांनी बैठक अल्पकाळाची ठेवावी आणि मानसोपचारतज्ज्ञाची सोबत घ्यावी.