चुलीपासून गव्हाणीपर्यंत

आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याला लागलं की बेल्हे मागं पडतं, गुळुंचवाडीच्या पुढं आणे घाट चढतो आणि वर पठार लागतं. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी. खाली कुकडीच्या कालव्यांनी ऊस आणि द्राक्षं आणली. पठाराच्या वाट्याला बाजरी, मटकी, हुलगा आणि पावसाची वाट बघणं आलं. या पठारावर साठीच्या दशकात जन्मलेली आमची पिढी आज्यांच्या हाताखाली वाढली, आणि त्या आज्यांनी माणसं जशी वाढवली तशीच जनावरंही. एका भिंतीच्या अलीकडं आम्ही झोपायचो, पलीकडं बैल. रात्री रवंथ करताना त्यांच्या गळ्यातलं घुंगरू वाजायचं, आणि ते बराच वेळ वाजलं नाही तर आजी अंधारात कंदील घेऊन उठायची. जनावर रवंथ करायचं थांबलं म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

घरात औषधाचं कपाट नव्हतं. हळद, मीठ, गूळ, हिंग, ओवा, गोडं तेल, चुना, कडुलिंबाचा पाला आणि चुलीतली राख, एवढ्यावर गाय-बैल, शेळ्या, कुत्रं, मांजर, कोंबड्या सगळ्यांचं भागायचं. यातले काही उपाय आजच्या पशुवैद्यकालाही पटतात, काही साफ चुकीचे होते. दोन्हींची आठवण ठेवायला हवी असं मला वाटतं, कारण आजींच्या नावावर हल्ली कुठलाही उपाय खपतो.

सकाळचं पहिलं काम गोठ्यात. हातात शेणाची पाटी असायची, पण नजर आधी जनावराच्या नाकपुडीवर. नाकपुडी ओली, थंड असली तर ठीक. कोरडी असली तर कानाच्या मुळाशी हात लावून ताप बघायचा. शेण पातळ आहे की गाठीगाठीचं, गव्हाणीत कडबा किती उरला, उठताना जनावर कुठला पाय जपतं, हे सगळं झाडता-झाडता पाहून व्हायचं. धार काढताना प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-चार धारा चरवीत न घेता तळहातावर घ्यायच्या. दुधात गाठ किंवा पाणी दिसलं की त्या सडाचं दूध वेगळं. कासेचा दाह असा सुरुवातीलाच ओळखायचा असतो. आता डेअरीवाले त्यासाठी काळ्या तळाचं भांडं वापरायला सांगतात. आमच्या आज्यांनी सावळ्या तळहातावर तेच काम केलं.

गाय व्याली की घरातल्या पोरांचं लक्ष खरवसाकडं. आजी मात्र चिकाला हात लावू द्यायची नाही. “आधी लेकराला पिऊ द्या, मंग तुमचा खरवस.” वासरू ओलं असतानाच ती त्याला तरटानं खसाखसा पुसायची, नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायची, त्याला धरून कासेपाशी न्यायची आणि सड तोंडात द्यायची. त्यामागचं कारण आम्हाला फार पुढं कळलं. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून मिळते. वासराच्या आतड्यातून ती रक्तात शिरण्याची सोय पहिल्या चोवीस तासांत झपाट्यानं कमी होत जाते, म्हणून पहिल्या एक-दोन तासांतला चीक सगळ्यात मोलाचा. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका तरी चीक पोटात जावा असं डॉक्टर सांगतात. आजीकडं वजनकाटा नव्हता. वासरू पिऊन तृप्त होऊन स्वतःहून बाजूला होईपर्यंत ती तिथंच उभी राहायची. नाळेला मात्र हळद लावायची आणि तेवढ्यावर सोडायची. तिथं आता टिंक्चर आयोडीन लावावं. नाळेतून शिरलेला जंतू वासराचे सांधे धरतो, आणि तो हळदीनं अडेलच असं नाही.

बैलाचं सगळं खांद्यावर. नांगरटीच्या दिवसांत जुवाखाली खांदा सोलवटून सुजायचा. मग बैल एक-दोन दिवस सुटा, खांद्याला कोमट मीठपाण्याचा शेक आणि वर हळद-तेल. घाई करून त्याच खांद्यावर जू ठेवणाऱ्या माणसाला घरातल्या बायका जेवायला वाढताना ऐकवत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची ती त्याच खांद्यांची. गरम पाण्यानं शेकून हळद आणि तूप चोळायचं, जेवणाचं आवतण द्यायचं. सणाचा भाग आम्हाला ठाऊक होता; पण त्या चोळण्यात हाताला गाठ लागते का, कातडी कुठं जाड झालीय का, हेही बघणं चालायचं. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेताना आजोबाही तोंडात दात बघण्याआधी खांद्यावरून हात फिरवायचे.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळेत होतो. माणसांना लाल मिलो आणि सुकडी मिळाली, मोठी माणसं खडी फोडायला गेली. जनावरांचं काय हा प्रश्न प्रत्येक घरात वेगळा सुटला. कुणी छावणीला नेली, कुणी रडत विकली, कुणी झाडाचा पाला ओरबाडून जगवली. पाण्याचा क्रम आमच्या घरात तेव्हाही बदलला नाही. विहिरीतून शेंदलेलं पाणी आधी दगडी डोणीत, मग घरात. धुणीभांड्याचं पाणी गुरांना दाखवायचं नाही असा दंडक होता. सोड्याचं किंवा साबणाचं पाणी पिऊन जनावराचं पोट बिघडतं, आणि आजारी जनावराला पाणी जास्तच लागतं.

याच कोरड्या पठारावरची एक जाण आम्हाला फार उपयोगी पडली, ती किराळाची, म्हणजे कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेची. पाऊस ओढला, ज्वारीचं पीक कोवळं असतानाच सुकलं, किंवा कापलेल्या बुडख्यांना पुन्हा हिरवे फुटवे आले, की त्या रानाकडं गुरं वळवायची नाहीत. पोरांना गुराखी म्हणून पाठवताना हे दम देऊन सांगितलं जायचं. त्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, जनावर थोडंफार खाऊनही थरथरतं, धापा टाकतं, आडवं होतं. गूळपाणी पाजत डॉक्टरची वाट बघायची हा आज्यांचा रिवाज होता. गुळानं थोडा वेळ मिळू शकतो. खरा उतारा सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन, आणि तेही मिनिटं मोजून. अशा वेळी आडव्या पडलेल्या जनावराच्या नरड्यात बांबूच्या नळीनं काहीही ओतू नये. त्याला गिळता येत नसतं, ढोस फुफ्फुसात जातो आणि विषातून वाचलेलं जनावर ठसक्यानं जातं. त्या काळात कितीतरी गुरं अशी गेली असतील.

कुत्र्याचं खाणं ठरलेलं होतं. शेवटची भाकरी त्याची, ताकात किंवा कण्यांच्या पेजेत कुस्करलेली. आण्याला पौषात रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. त्या दिवशीही दारच्या कुत्र्याला भाकरी आमटीशिवायच मिळायची. “त्याला तिखट लागतं” एवढंच कारण आजी द्यायची. पण कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग ते शिजवलेलं का असेना. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमच्या तालुक्यात खळ्यावर कांद्याचे ढीग आणि खालच्या अंगाला द्राक्षांचे मळे, म्हणून हे दोन धोके इथल्या घरांनी विशेष लक्षात ठेवायचे. शिळं कालवण भातावर ओतून कुत्र्यापुढं सरकवणं ही आमच्या आज्यांची रीत नव्हती, ती नंतर आली.

आणि जे चुकीचं होतं तेही सांगायला हवं. पिल्लाचे कान कातरले की कुत्रं तिखट होतं म्हणून विळीनं कान कापत. ती निव्वळ क्रूरता होती, कुत्रं तिखट होत नव्हतं, वेदनेनं बुजरं होत होतं. खरजेला रॉकेल चोळत. कातडी भाजायची, आणि कुत्रं अंग चाटून ते पोटात घ्यायचं. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ हा त्यातला सौम्य भाग, पण केस झडून कातडी जाडजूड झालेली खरूज डॉक्टरच्या औषधाशिवाय हटत नाही.

सगळ्यात घातक समज कुत्रं चावण्याचा होता. जखमेत चुना भरायचा, तिखट भरायचं, मांत्रिकाकडून दोरा बांधायचा. पाश्चरनं १८८५ मध्ये रेबीजची लस माणसाला दिली होती. आमच्या लहानपणी ती पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांच्या रूपात तालुक्याला होती, आणि त्या चौदाच्या धाकानंच लोक मांत्रिकाकडं वळत. आता लस दंडात घेतात, मोजक्या वेळा. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम पंधरा मिनिटं धुवायची, तिच्यात काहीही भरायचं नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा. घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढं दरवर्षी.

मांजर कुणी आणलेलं नसायचं, कणगीतल्या उंदरांच्या मागं ते आपणच यायचं. व्यायला माळ्यावर जायचं. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत हात लावायचा नाही ही ताकीद होती, आणि ती योग्य होती. आठ-दहा दिवसांत डोळे उघडतात, तोवर फार हाताळलं की मांजरी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते आणि त्यात एखादं गारठतं. बशीभर दूध देण्याची हौस मात्र सगळ्यांना. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, हगवण लागते. ते जगत होतं उंदरांवर.

कोंबड्यांची सगळी व्यवस्था बायकांची, आणि अंड्यांचा पैसाही त्यांचा. खुडूक बसलेली कोंबडी ओळखायची, चुलीच्या उजेडात अंडं धरून पारखायचं, पाटीत भुसा आणि त्यावर राख घालून अंडी मांडायची आणि एकविसाव्या दिवसाची वाट बघायची. खुराड्याजवळ राखेचा खळगा कायम भरलेला. कोंबडी त्यात लोळून पिसं झटकायची. बारीक राख पिसवांच्या अंगावर बसून त्यांना मारते. दिवसा कोंबड्या गोठ्यात सोडत, त्या गुरांच्या पायाशी पडलेले गोचीड टिपत. दर पंधरा दिवसांनी भिंती शेणानं सारवत तेव्हा फटी बुजत, आणि गोचीड अंडी घालतो तो फटीतच. गुरांच्या अंगावरचे गोचीड काढून चुलीत टाकत, पायानं चिरडत नसत. फार नामी मेळ होता हा. मानमोडीच्या साथीपुढं मात्र राख, हळद, लसूण काही चालत नसे. एका आठवड्यात खुराडं रिकामं व्हायचं. तिला लासोटाची लसच लागते, आणि ती वेळेवर.

रात्री कुत्रं अंगणात बांधायचं, ही राखणीची रीत आम्ही जशीच्या तशी उचलली होती. ती आता सोडायला हवी. कुकडीच्या पाण्यानं खाली ऊस झाला आणि उसात बिबट्या आला. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला, मांजरांचा १५ आणि शेळ्यांचा ११. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण घरच्या जनावराची राखण घरानंच करायची आहे. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. संध्याकाळ झाली की त्याला आत घ्यावं, शेळ्यांना छप्पर आणि चारी बाजूंनी जाळी असावी, आणि मेलेली कोंबडी वा व्यालेल्या जनावराची वार घराजवळ टाकू नये, पुरावी.

उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था सुरू केली, आणि पुढं गावोगाव कृत्रिम रेतनानं संकरित गाई आल्या. दूध वाढलं, पठारावरच्या कितीतरी पोरांचं शिक्षण त्या दुधावर झालं. पण ही गाय उन्हाला हळवी, गोचिडातून येणाऱ्या थायलेरियाच्या तापाला लवकर बळी पडणारी. गावरान गाईचे सगळे नियम तिला पुरत नाहीत. दुपारी तिच्या पाठीवर ओलं तरट आणि समोर भरलेली डोण लागतेच. २०२२ मध्ये लम्पी आला, जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा घरोघर पुन्हा हळद आणि कडुलिंबाचा पाला निघाला. ते गाठींवर लावलं की माश्या दूर राहायच्या, हे खरं. रोग अडवायला शेळ्यांच्या देवीची लसच टोचावी लागली.

आमच्या सुना-मुली आता घरचा उपाय आणि डॉक्टर हे दोन्ही एकत्र चालवतात, आणि ते पाहून मला फार बरं वाटतं. कास सुजली की त्या आधी १९६२ ला फोन करतात. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो टोल फ्री नंबर. सोबत घरचा लेपही करतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ देशभर शिकवतं तोच हा लेप: कोरफडीचं पान २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, सगळं एकत्र वाटून. कास स्वच्छ धुऊन सडातलं सगळं दूध पिळून टाकायचं, मूठभर लेप पाण्यात पातळ करून पूर्ण कासेला लावायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. प्रत्येक वेळी आधीचा थर धुऊन मगच नवा.