समुद्र दिसेल अशी खुर्ची

आमच्या यवतमाळांत गच्चीवर बसण्यासाठीं कोणी पैसे मोजीत नाहीं. वैशाख लागला कीं संध्याकाळीं फरशीवर पाणी शिंपडावें, दगडाची वाफ निघून गेली म्हणजे सतरंज्या आंथराव्या, कोपऱ्यांत माठ नेऊन ठेवावा आणि घरांतील लहानथोर मंडळींनीं आकाशाखालीं अंग टाकावें, हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. आतां कूलरनें तो पुष्कळसा मोडला आहे. परंतु साठीपुढच्या कोणासही विचारावें, सप्तर्षि प्रथम कोठें ओळखले हें सांगतांना तो गच्चीचेंच नांव घेईल. अशा गांवच्या माणसाला, मुंबईंत गच्चीवर बसून चहा पिण्यासाठीं आधीं फोन करून टेबल राखून ठेवावें लागतें, हें ऐकून हंसूं येतें. मलाही आलें होतें. गेल्या जानेवारींत मात्र त्या हंसण्याचा दंड मला भरावा लागला. ती हकीगत आज वाचकांपुढें मांडीत आहें.

या प्रवासाचें कारण आमच्या काकू. वय ७९, कान तीक्ष्ण, स्मरणशक्ति त्याहून तीक्ष्ण. पण गुडघे साफ रुसलेले. कळंबच्या चिंतामणीचें स्थान जमिनीच्या पातळीखालीं आहे. पायऱ्या उतरून जावें लागतें. त्या पायऱ्यांपुढें हात टेकून गेलीं दोन वर्षें काकू वरूनच नमस्कार करून परततात. त्यांतच गतवर्षीं त्यांना काचबिंदु असल्याचें निघालें. काचबिंदु म्हणजे मोतीबिंदु नव्हे. मोतीबिंदु काढला म्हणजे बहुधा पुन्हा दिसूं लागतें. काचबिंदूंत दृष्टीची नस हळूहळू निकामी होत जाते आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. औषधानें उरलेली राखावयाची, एवढेंच वैद्यकाच्या हातीं असतें. बहुधा बाजूचें दिसणें आधीं जातें, आणि मनुष्य जणूं नळींतून जग पाहूं लागतो.

डॉक्टरांनीं हें सौम्य शब्दांत सांगितलें; काकूंना तें शब्दांवांचून कळलें. दिवाळीनंतर एके संध्याकाळीं वाती वळतांना त्या म्हणाल्या, “बाळ, एकदां तो समुद्र पुन्हा बघायचा आहे रे. उंचावरून, खुर्चीवर बसून, चहा पितांना.”

‘तो’ समुद्र कोणता, हें आम्हां सर्वांना पाठ होतें. १९६८ सालच्या मे महिन्यांत कै. काकांनीं त्यांना मुंबई दाखविली होती. काका शाळामास्तर, सुट्टी भरपूर आणि पैसा बेताचा. शकुंतलेच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूर, आणि तेथून मोठ्या गाडीनें मुंबई. तेथें मलबार टेकडीवर कमला नेहरू उद्यानाजवळ ‘नाझ’ नांवाचें उपाहारगृह होतें. उघड्यावर टेबलें मांडलेलीं, आणि खालीं चौपाटीपासून मरीन ड्राइव्हपर्यंतचा सारा किनारा कमानीसारखा पसरलेला. दोघांनीं एकच चहा मागविला आणि रिकामा पेला मागून घेऊन तो निम्मा निम्मा केला. पेले रिकामे होतात न होतात तोंच खालीं दिव्यांची माळ लागली. काकूंच्या संसारांत त्यानंतर पुष्कळ कांहीं आलें आणि गेलें. ती माळ मात्र जशीच्या तशी राहिली.

संक्रांत उरकून आम्ही निघालों. शकुंतला आतां धांवत नाहीं. म्हणून बसनें धामणगांव गाठून तेथें विदर्भ एक्सप्रेस धरली आणि सकाळीं मुंबईस उतरून दादरला भाचीकडे मुक्काम ठोकला. दुसऱ्याच दिवशीं टेकडीवर गेलों. तेथें कळलें कीं ‘नाझ’ गेल्या शतकाच्या अखेरीसच बंद झालें. निघण्यापूर्वीं ही साधी चौकशी करावी, एवढीही बुद्धि मला झाली नव्हती! काकूंनीं क्षणभर त्या दिशेकडे पाहिलें आणि “छप्पन्न-सत्तावन्न वर्षांत माणसें राहत नाहींत, मग दुकान कशाला राहील?” एवढेंच म्हटलें.

उद्यानें मात्र जागच्या जागीं आहेत. हँगिंग गार्डन ही तर एका अर्थानें मुंबईची थोरली गच्चीच होय. कारण ही १८८१ सालची बाग जमिनीवर नसून शहराला पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या छपरावर केलेली आहे. समोरच्या कमला नेहरू उद्यानांतून तोच अर्धवर्तुळाकार किनारा आजही दिसतो. २०२४ पासून या टेकडीच्या पोटांतून, सुमारें दोन किलोमीटर लांबीच्या जोड बोगद्यांतून, मोटारी जातात हें ऐकून काकूंना मौज वाटली. पण देखावा नीट दिसतो तो कठड्याशीं उभें राहून, आणि काकूंचे गुडघे दहा मिनिटांत बोलूं लागले. उभ्यानें पाहिलेला समुद्र त्यांच्या मनाला पोंचेना. त्यांना बसून पाहावयाचा होता.

तेव्हां मुलांनीं हें काम आपल्या अंगावर घेतलें. थोरल्याचा विचार सरळ होता: देखावा पाहावयाचा तर जितकें उंच तितकें उत्तम. त्यानें फोनवर छायाचित्रें पाहून एक गच्ची निवडली. मींही मान डोलावली. त्या स्थळाचें नांव मी येथें देत नाहीं, कारण त्याचा दोष नव्हता. त्याला काकूंसाठीं निवडणाऱ्यांचा होता.

लिफ्ट शेवटच्या मजल्याच्या एक मजला खालींच थांबली. वर गोल वळणाचा लोखंडी जिना. दोघांनीं धरून काकूंना चढविलें. वर पाहतों तों खुर्च्या नव्हत्याच. गादीच्या ठेंगण्या बैठका होत्या, आणि त्यांच्यापुढें सुरक्षिततेसाठीं बांधलेली चार-साडेचार फूट उंचीची भिंत. सूर्य नुकताच मावळला होता. टेबलावर निरांजनाएवढा दिवा, आणि संगीत असें कीं शेजारच्याशींही ओरडून बोलावें. आम्ही सारे भिंतीशीं उभे राहून “काय सुंदर! काय सुंदर!” म्हणत होतों. धाकटीनें छायाचित्रें घेतलीं. बऱ्याच वेळानें मी मागें वळलों. वाऱ्यानें उडणारी शाल दोन्ही हातांनीं आवरीत काकू त्या बैठकींत खोल बसल्या होत्या. त्यांनीं मला जवळ बोलावून विचारलें, “बाळ, समुद्र कोणत्या बाजूला आहे रे?”

त्यांच्यापुढें भिंत होती. भिंतीच्या वर काळोख होता. पांचशें मैलांच्या आसपासचा प्रवास करून आम्हीं त्यांना एक भिंत दाखविली होती!

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. घरांत श्राद्धपक्ष असो कीं मुंज असो, पाट कोठें मांडावा, वृद्धांना भिंतीचा टेंका कोठें मिळेल, कोणाला कोणता पदार्थ चालत नाहीं, याचा विचार आपण आधीं करतों. मग घराबाहेर जेवावयास जातांना ती दृष्टि कोठें जाते? सकाळीं चहाच्या वेळीं सौ.नें वही उघडली आणि आम्हीं सर्वांनीं मिळून नव्यानें विचार केला. त्यांतून जें निघालें तें इतर कुटुंबांसही उपयोगीं पडेल, म्हणून देतों.

पहिला विचार दिशेचा. अपोलो बंदराचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. तेथें १९२४ सालीं पुरें झालेलें गेटवे ऑफ इंडिया पाहावें, नांगरलेल्या बोटी पाहाव्या, पौर्णिमेचा चंद्र उगवतांना पाहावा. सूर्यास्त मात्र तेथें पाठीशीं होतो. सूर्यास्तासाठीं मरीन ड्राइव्हच हवा. तेथेंही ऋतु पाहावा लागतो. उन्हाळ्यांत सूर्य उत्तरेकडे सरकून चर्चगेटच्या अंगानें पाहणाऱ्यास मलबार टेकडीच्या आड जातो. हिवाळ्यांत तो उघड्या समुद्रांत बुडतो. पावसाळ्यांत तर उघड्या गच्चीचा बेत करूंच नये.

दुसरा विचार उंचीचा. फार उंचावरून लाटा दिसत नाहींत; समुद्र पत्र्यासारखा सपाट होतो. आणि उंची मोजावयाची ती इमारतीची नव्हे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची. खुर्चीवर बसलेल्या वृद्ध स्त्रीचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात. कठडा त्याहून उंच असेल, तर खालीं कितीही मजले असोत, व्यर्थ होत.

तिसरा विचार जिन्याचा. लिफ्ट थेट पोंचते कीं नाहीं हें विचारावें, आणि उतरण्यास दुसरी वाट आहे कीं नाहीं हेंही विचारावें. २९ डिसेंबर २०१७ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिल आवारांत गच्चीवरील उपाहारगृहाला आग लागून १४ माणसें प्राणास मुकलीं. हौसेनें वर जातांना उतरण्याचा जिना डोळ्यांखालीं घालणें हा भित्रेपणा नव्हे.

चौथा विचार अन्नाचा आणि उजेडाचा. शाकाहारी पदार्थ वेगळे शिजतात काय, कांदा-लसणावांचून कांहीं मिळेल काय, आणि पदार्थांची यादी वाचतां येईल इतका प्रकाश असतो काय, हें स्पष्ट विचारावें. यांत संकोच कसला?

थोरल्याला अजून उंचीचा मोह सुटला नव्हता. त्यानें फिरत्या उपाहारगृहाची गोष्ट काढली. जर्मनींत डॉर्टमुंड येथें १९५९ सालीं मनोऱ्यावर असें उपाहारगृह निघालें, १९६२ सालीं अमेरिकेंत सिअॅटलला झालें, आणि आपल्याकडे चर्चगेटजवळच्या अॅम्बॅसॅडर हॉटेलाच्या माथ्यावरील फिरत्या उपाहारगृहाची कीर्ति जुन्या मुंबईकरांना ठाऊक आहे. अशा ठिकाणीं मधला गाभा स्थिर असतो आणि टेबलांखालचें कडें तेवढें यंत्रानें सावकाश फिरतें. जेवण होईतों साऱ्या शहराची प्रदक्षिणा घडते. काकू कौतुकानें ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “छान आहे हो. पण मला एकच बाजू बघायची आहे, आणि ती माझ्यासमोर थांबली तरच मला दिसेल.”

त्या वाक्यानें प्रश्न सुटला. नळींतून पाहणाऱ्याला समोरचें दिसतें. म्हणून गच्ची नव्हे, खुर्ची निवडावयाची होती. सौ.नें फोन हातीं घेतला. मरीन ड्राइव्हवरील तीन-चार ठिकाणीं तिनें एकच प्रश्न विचारला: “खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला समुद्र दिसतो का?” एकानें हंसून फोन ठेवला. एकानें मात्र “थांबा, बसून पाहतों,” म्हटलें आणि खरोखरच बसून पाहून उत्तर दिलें. तेंच स्थळ आम्हीं ठरविलें. पहिल्या मजल्यावरची ती साधी खोली होती. गच्ची नाहीं, नांवलौकिक नाहीं. पण पश्चिमेकडे गुडघ्यापासून वर सरळ कांचेची खिडकी.

पांच वाजतां आम्ही पोंचलों. व्यवस्थापकानें आपण होऊन खुर्ची वळवून दिली. काकू बसल्या, पदर सांवरला आणि समोर पाहूं लागल्या. रस्त्यापलीकडचा कट्टा, त्यापलीकडे लाटा आणि त्यावर उतरत आलेला सूर्य, हें सर्व एका रेषेंत त्यांच्यासमोर होतें. कोणीं कांहीं बोललें नाहीं. सहा वाजून गेले तरी सूर्य पाण्याच्या वरच होता. काकू म्हणाल्या, “आपल्याकडे एव्हानां तुळशीपाशीं दिवा लागला असेल. इथे मेला अजून जायला तयार नाहीं.” त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. यवतमाळाहून मुंबई पांच अंशांहून अधिक पश्चिमेस आहे. त्यामुळें तेथें सूर्यास्त वीस-पंचवीस मिनिटें उशिरां होतो. मीं हें सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे तेवढी मिनिटें मला जास्त मिळालीं.”

सूर्य बुडाला. किनाऱ्यावर एकेक करून दिवे लागले. ती माळ खालून पूर्वींइतकी पूर्ण दिसत नव्हती, आणि कडेचे दिवे काकूंना दिसत नव्हते, हें मी जाणून होतों. त्यांनीं तें बोलून दाखविलें नाहीं. चहा आला. त्यांनीं वाढप्याकडून एक रिकामा पेला मागून घेतला, आपला चहा निम्मा केला आणि तो पेला माझ्याकडे सरकविला.

यवतमाळास परत आल्यावर शेजारच्यांनीं विचारलें, काकूंना मुंबई कशी वाटली? काकूंनीं समुद्राचें वर्णन केलें आणि सहज म्हणाल्या, “उंचावर वारा मात्र छान लागतो. आपल्या गच्चीवर जाऊन मला चार वर्षें झालीं.” मी चमकलों. आमच्या घराच्या जिन्याला एका अंगास कठडा नाहीं; तरुणांना तो कधीं लागला नाहीं, म्हणून कोणाच्या लक्षांतही आलें नव्हतें. समुद्राकडची खुर्ची शोधीत मी मुंबईभर फिरलों, आणि घरची गच्ची त्यांना चार वर्षें बंद होती!

दुसऱ्या दिवशीं सुताराला बोलाविलें. कठडा आतां बसला आहे. वर पश्चिमेच्या अंगाला भिंत काकूंच्या डोळ्यांहून उंच भरली, म्हणून त्यांच्या खुर्चीसाठीं एक रुंद चौथरा करून घेतला आहे. वैशाखाला अद्याप अवकाश आहे. पण काकूंनीं आपला माठ आतांच धुवून ठेवला आहे.