नेवाशाच्या वाटेवर

प्रवरातीरींचें नेवासें म्हटलें कीं शके 1212 मध्यें पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी आणि तिची साक्ष मानला जाणारा पैसाचा खांब आठवतो. घरांना दारें न ठेवण्याच्या परंपरेसाठीं प्रसिद्ध असलेलें शनिशिंगणापूरही याच तालुक्यांत आहे. परंतु मोटार बिघडली म्हणजे विश्वासाचा प्रश्न इतका सोपा राहत नाहीं.

दर्शनास जातांना आमच्या मोटारीचें इंजिन वारंवार तापूं लागलें. एका गॅरेजवाल्यानें बॉनेट उघडतांच इंजिनाचें हेड उतरविण्याचा भारी खर्च सांगितला. नेवासे फाट्याजवळच्या दुसऱ्या मिस्त्रीनें आधीं विचारलें, “गाडी गर्दींत तापते कीं मोकळ्या रस्त्यावर?” गर्दींत, असें सांगतांच त्यानें रेडिएटरच्या पंख्याचा जळालेला फ्यूज काढून दाखविला. वेगांत वाऱ्यानेंच रेडिएटर थंड राहतो. संथ गतींत तें काम पंख्याचें. नवा फ्यूज टिकतो कीं नाहीं, हेंही त्यानें पंखा बराच वेळ चालवून पाहिलें.

वाचकांनीं खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, बदललेला भाग मागून पाहावा, आणि हत्यार उचलण्यापूर्वीं चार प्रश्न विचारणाऱ्या मिस्त्रीकडेच पुन्हां जावें.