आधी कान, मग हात

आम्ही हॅम रेडिओवाले मोर्सच्या कळीवर हात ठेवण्याआधी कान देतो. फ्रिक्वेन्सी शांत वाटली तरी ‘क्यूआरएल?’ विचारतो, म्हणजे ‘इथे कुणी आहे का?’ बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतच नसेल. होकार आला, तर मुकाट्याने बाजूला होतो. नवखा अडखळत हाक देतो, तेव्हा त्याच्याच गतीने उत्तर देतो. ‘क्यूआरएस’, म्हणजे ‘सावकाश’, असे म्हणायची वेळ त्याच्यावर आणत नाही. धर्म-राजकारणाचे वाद हवेत नेत नाही. निरोपाला ‘७३’, म्हणजे सदिच्छा.

२००३ साली जिनिव्हाच्या परिषदेने परवान्यासाठी मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोडले. आता ठिपके-रेघा आवडीने शिकता येतात; थांबण्याची अदब मात्र आम्हीच शिकवायला हवी.