कॉइल ओढते, पॉइंट जुळतात

परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कॉइल म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. रात्री थ्री फेज लाइट आली की तो बॅटरी घेऊन विहिरीवर जातो आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो. आतल्या तांब्याच्या वेढ्यांत चुंबकत्व येतं, कॉइल लोखंडाला ओढून घेते, पॉइंट जुळतात, मोटार फिरू लागते. लाइट गेली की कॉइल सोडून देते. पॉइंट जळालेत की नोव्होल्ट कॉइल गेलीय, हे मुरलेला वाइंडिंगवाला नुसत्या आवाजावरून ताडतो. मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड, बाजारपेठ कुठलीही असो, अशी दुकानं सापडतातच.

जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल पिनबॉल मशीनचं झाकण उघडलं की आत हीच सृष्टी दिसते. कॉइल डझनांनी, पॉइंट शेकड्यांनी, आणि कापडी वेष्टणाच्या रंगीबेरंगी वायरींचे जुडगे. चिप एकही नाही. गुण किती झाले, कितवा चेंडू चालू आहे, पाळी कुणाची आहे, हे सगळं यंत्राच्या लक्षात राहतं ते दातेरी चाकं कुठे थांबली आहेत यावरून. या यंत्राची स्मरणशक्ती डोळ्यांनी बघता येते, बोटानं एक घर पुढे सरकवता येते. आयुष्यातलं पहिलं यंत्र दुरुस्तीला घेणाऱ्यानं म्हणूनच इथून सुरुवात करावी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावरून निघणारं बॅगाटेल ठाऊक असणाऱ्यांना याचं कूळ सांगायला नको. फळीवर ठोकलेल्या चुका, लोखंडी गोळ्या आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा. त्या दांड्याचं पेटंट १८७१ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हनं घेतलं. १९३१ साली, मंदीच्या दिवसांत, शिकागोच्या गॉटलिब कंपनीचा ‘बॅफल बॉल’ दुकानांच्या काउंटरवर पोचला. पुढे गॉटलिब, बॅली, विल्यम्स या तिन्ही मोठ्या कंपन्या शिकागोतच नांदल्या. १९४७ साली गॉटलिबच्या हॅरी मॅब्जनं ‘हम्प्टी डम्प्टी’ला सहा फ्लिपर बसवले आणि खाली घरंगळणारा चेंडू परत वर फटकावण्याची सोय झाली. नशिबाच्या खेळात हात आला तो असा. न्यूयॉर्कनं मात्र हा जुगार ठरवून १९४२ साली बंद पाडला होता. १९७६ साली रॉजर शार्पनं नगर परिषदेच्या सदस्यांपुढे चेंडू कुठून जाणार ते आधी सांगून दांडा ओढला, चेंडू तिथूनच गेला आणि बंदी उठायला मदत झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत इलेक्ट्रॉनिक मशीन आली आणि कॉइल-रिलेची ही पिढी गोदामांत गेली.

घेताना नवखा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीला भितो. ‘चालू होत नाही’ हे ऐकून मागे फिरतो. खरं तर बंद पडलेलं पण पुरं असलेलं मशीन घ्यावं; अर्ध्या भागांचं, कसंबसं चालणारं घेऊ नये. पॉइंट घासता येतात, कॉइल बांधता येते. पण समोरच्या काचेमागचं चित्र पोपडे होऊन गळलं असेल तर ते परत आणणं महाकठीण. मराठवाड्यातला मे महिना आणि लगेच येणारा ओलावा त्या रंगाला मानवणारा नाही, म्हणून काच आधी बघावी. मग खोक्याचं लाकूड टिचकी मारून बघावं, वाळवी लागली असेल तर कळतं. उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधावी. फ्यूजच्या जागी कुणी चांदी गुंडाळली असेल तर आत काहीतरी जळालंय असं धरून चालावं.

आल्या आल्या प्लग लावायचा मोह फार असतो. तो आवरावा. या यंत्राचा पुरवठा बहुधा ११५ व्होल्टचा, आपली लाइट २३० ची. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि जुन्या दोन पिनांच्या वायरीऐवजी अर्थिंगची तीन पिनांची. सुरुवातीची साफसफाई तर प्लग काढूनच करायची. गुण मोजणाऱ्या चाकांत ग्रीस सुकून खळीसारखं घट्ट झालेलं असतं, ते स्पिरिटनं काढावं. कॉइलमधल्या प्लंजरला तेलाचा थेंबही लावू नये, धूळ बसते आणि तो अडकतो. रिलेच्या चांदीच्या पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवणं म्हणजे त्यांचं आयुष्य खरवडून काढणं.

सगळ्यात देखणी करामत फ्लिपरच्या कॉइलमध्ये आहे. तिच्यात दोन वेढे असतात: एक जाड तारेचा, दणका देणारा, दुसरा बारीक तारेचा, नुसता धरून ठेवणारा. बटण दाबलं की जाड वेढा फ्लिपर उचलतो, आणि फ्लिपर वर पोचताच तोच एक पॉइंट उघडून प्रवाह बारीक वेढ्यातून वळवतो. त्यामुळे खेळणाऱ्यानं बटण दाबून धरलं तरी कॉइल जळत नाही. हा एवढासा पॉइंट चिकटून राहिला तर मात्र काही क्षणांत धूर. अशी जळालेली कॉइल वाइंडिंगवाल्याच्या हातात दिली तर तो जुने वेढे सोडवत मोजेल, तारेचं गेज बघेल, तेवढेच वेढे पुन्हा भरेल. शिकागोच्या कारखान्यात ज्या हिशोबानं तार गुंडाळली गेली तोच हिशोब या पेठेत रोज चालतो. पंपाच्या मोटारी बांधून शिकलेलं हे ज्ञान परभणीच्या अभिमानाच्या यादीत पहिल्या पाचांत हवं.

सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस परभणीत दर फेब्रुवारीत भरतो. तिथं आकाशपाळण्याभोवती मान वर करून उभी राहणारी पोरं असं यंत्र समोर आलं तर आधी खेळतील आणि मग आत काय आहे ते विचारतील. दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. ५० गुण मिळाले की आतली छोटी मोटार फिरते, तिच्यावरच्या चकत्या पाच वेळा पॉइंट जोडतात, गुणांचं चाक पाच घरं सरकतं आणि धातूची पट्टी पाचदा वाजते. ही मोटार अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी बनवलेली. व्होल्टेज बदललं तरी आपली वीज ५० हर्ट्झचीच राहते. म्हणून मूळची मोटार तशीच ठेवली, तर शिकागोत पाच सेकंदांत होणाऱ्या मोजणीला परभणीत साधारण सहा सेकंद लागतील.