ओंडका उचलणार कोण?

कतारमधे जळाऊ लाकूड विकत मिळतं, असं गावी सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. वाळवंटात कसलं आलंय लाकूड? पण मिळतं, आणि चांगलं मिळतं. थंडी सुरू झाली की इथली मंडळी तंबू, गालिचे, चहाच्या किटल्या असा सगळा संसार गाडीत टाकून वाळूत मुक्कामाला जातात. जानेवारीतल्या रात्री पारा तेरा-चौदापर्यंत उतरतो आणि मोकळ्यावर वारा असतो, त्यामुळे शेकोटी हवीच. त्यासाठी समर नावाच्या काटेरी बाभळीच्या जातीच्या लाकडाला मोठा मान. लाकूड जड, धूर कमी, निखारा रात्रभर टिकणारा. हे लाकूड बाहेरच्या देशांतून येतं, कारण कतारच्या रानातलं झाड तोडायला कायद्याने बंदी आहे. मोळी घ्यायची, गाडीत टाकायची. लाकूड फोडलेलंच असतं. ते कुणी फोडलं, कशाने फोडलं, हा प्रश्न शेकोटीभोवती बसलेल्या कुणालाच पडत नाही.

आमच्या सिंधुदुर्गातल्या घरी मात्र हा प्रश्न दर वर्षी मे महिन्यात पडतो. कारण आमच्या न्हाणीत अजून तांब्याचा बंब आहे.

आता तुम्ही म्हणाल, अरे, तू गॅसच्या देशात नोकरी करतोस! कतारच्या समुद्रातला प्रचंड वायुसाठा १९७१ साली सापडला, २००४ पासून इथला द्रवरूप वायू जहाजांनी गुजरातेत दहेजला उतरायला लागला, आणि तुझी आई आंघोळीचं पाणी लाकडावर तापवते? हो, तापवते. स्वयंपाकाला गॅस आहे. पण आंघोळीचं पाणी तापवायला गॅस जाळणं तिला उधळपट्टी वाटते. सोलरचं म्हणाल तर कोकणात गरम पाण्याची खरी गरज लागते पावसाळ्यात, आणि तेव्हा सूर्यनारायण चार-चार दिवस तोंड दाखवत नाहीत. उलट बागेत आंब्या-काजूच्या वाळक्या फांद्या, सोडणं, पिढे सगळं फुकट पडलेलं असतं. ते जाळलं नाही तर वाळवी खाते. तिचा हिशेब पक्का आहे. मी त्यात पडत नाही.

तर १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. आमची दोन जुनी आंब्याची झाडं आणि एक फणस मुळासकट आडवे झाले. घर वाचलं, हे नशीब. वीज बरेच दिवस नव्हती. शेजारच्या गावातून चेन सॉवाला आला आणि त्याने खोडांचे हात-हात लांबीचे ओंडके पाडून दिले. अंगणात ओंडक्यांचा डोंगर झाला आणि डोक्यावर पाऊस. ओला ओंडका तसाच पडून राहिला तर त्याला आधी बुरशी येते आणि मग वाळवी. फोडून पडवीत रचला तरच तो वाळतो. लाकूड फोडण्याचं अर्धं कारण ते बंबात मावावं हे, आणि अर्धं कारण ते वाळावं हे. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्याच्यातलंच पाणी उकळण्यात जाते, बंबातलं पाणी कोमटच राहतं आणि घरभर धूर.

आमची लाकडं वर्षानुवर्षं एकच माणूस फोडत आला आहे. सगळा गाव त्यांना मामा म्हणतो. तेव्हा वय पासष्टच्या पुढे, उजवा खांदा दुखरा. कुऱ्हाड, घण आणि लोखंडी पाचर एवढंच साहित्य. मामा ओंडक्याकडे आधी नुसते बघत बसतात. भेग कुठे आहे, गाठ कुठे आहे, ते बघून मग पाचर मारतात. फांदी फुटते तिथे लाकडाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ती जागा टाळली तर ओंडका चार घावांत उकलतो, आणि नाही टाळली तर चाळीस घावांत उकलत नाही.

त्याच वर्षी कतारने उन्हाळ्यातल्या उघड्यावरच्या कामाचा नियम कडक केला. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. आमच्या साइटवर दहाला भोंगा वाजायचा आणि माणसं सावलीत यायची. मी केबिनमधून ते बघायचो, आणि संध्याकाळी आईचा फोन: "मामा आजय इल्लेत. सकाळपासून फोडतत." पासष्टीचा माणूस, दुखरा खांदा आणि डोंगराएवढे ओंडके. तिथे कसला भोंगा आणि कसला नियम! तेव्हा ठरवलं की घरी लाकूड फोडायचं मशीन घ्यायचं. हायड्रॉलिक्स हे तर माझं रोजचंच काम.

मशीनचं तत्त्व अगदी सोपं. मोटर पंप फिरवते, पंप तेल दाबतो, तेल सिलिंडरमधला दट्ट्या ढकलतं आणि दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर रेटतो. दाबलेल्या तेला-पाण्याचं हे बळ इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली आपल्या प्रेसचं पेटंट घेऊन कामाला लावलं. हिशेब तोंडी करता येतो. ६३ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब २०० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० किलो. एकतीस गुणिले दोनशे, झाले सहा टन. घरगुती विजेच्या मशीनवर 'पाच टन', 'सात टन' असं लिहिलेलं असतं ते एवढंच. पेट्रोलवरची मोठी मशीनं वीस टनांच्या पुढे जातात.

दुसरी एक जात म्हणजे स्क्रूची. फिरणारा आटेदार शंकू लाकडात घुसत जातो आणि लाकूड फाटतं. स्वस्त, साधं आणि व्हिडिओत बघायला झकास. पण तो शंकू सतत फिरत असतो. हातमोजा, सदऱ्याची बाही किंवा लुगड्याचा पदर त्यात अडकला तर मोटर बंद करायला वेळच मिळत नाही. ज्या अंगणात बायका साडी नेसून वावरतात तिथे हे यंत्र नकोच. यादीतून पहिलं नाव कटलं ते याचं.

मग वीज की पेट्रोल? विजेचं साधारण तीन हॉर्सपॉवरचं मशीन घरच्या सिंगल फेजवर चालतं, पण त्याला सोळा अँपिअरचा प्लग आणि जाड वायर लागते. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. बारीक वायरीची लांबलचक एक्स्टेन्शन ओढली तर आणखी पडतं. मग मोटर नुसती घूं घूं करते आणि तापते. वादळानंतर तर वीजच नव्हती. पेट्रोलच्या मशीनला हे काही नाही, पण ते वजनाला भारी, दोरी ओढून सुरू करायचं, आणि सहा महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटर साफ करायला माणूस शोधा. बंबाचं लाकूड हे बेगमीचं काम. वीज आज नसली तर उद्या फोडू. म्हणून विजेचं.

सुरक्षेचं एक कलम मी लाल शाईने लिहिलं होतं: दोन्ही हातांनी चालणारं मशीन. युरोपात पाचरीच्या मशीनसाठी ईएन ६०९ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणे बनवलेल्या नेहमीच्या मशीनमधे डावा हात एका दांड्यावर आणि उजवा दुसऱ्यावर असल्याशिवाय दट्ट्या पुढे सरकत नाही. एक हात सुटला की थांबतो. म्हणजे दट्ट्या चालत असताना चालवणाऱ्याचे दोन्ही हात कुठे आहेत ते पक्कं माहीत. फक्त दुसऱ्या कुणी ओंडका धरायला जवळ यायचं नाही. मदतीची हौस इथे बोटं घेते. आणि होजमधून तेल गळतंय का, हे हाताने चाचपून कधीही बघायचं नाही. सुईएवढ्या भोकातून २०० बारचं तेल कातडीतून आत शिरतं. जखम दिसते टाचणीएवढी, आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघावं.

एवढं सगळं जुळवून मी आईला फोनवर सविस्तर समजावलं. टन, बार, अँपिअर, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "झिला, ता सगळा खरा. पण ओंडको मशीनवर चढवतलो कोण? मी?"

मंडळी, माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत डिझाइन रिव्ह्यूमधे याहून चांगला प्रश्न कुणी विचारला नसेल. मी आकडे मांडले. ३० सेंटिमीटर जाडीचा, ४० सेंटिमीटर लांबीचा ओंडका. ओल्या लाकडाची घनता पाण्याइतकी धरली तर वजन २८ किलो! आडव्या मशीनवर तो प्रत्येक वेळी उचलून ठेवायचा. सहा टनांचं बळ मशीन देतं, पण हे अठ्ठावीस किलो माणसालाच उचलायचे असतात. उभ्या मशीनमधे ओंडका जमिनीलगतच्या पाटावर लोळवत आणता येतो, उचलावा लागत नाही. म्हणून उभं मशीन. आणि चेन सॉवाल्याला सांगायचं की तुकडे ४० चे नको, २५ चे पाड. बंबाला तेवढेच लागतात, आणि वजन येतं साडेसतरा किलोवर.

तोवर मामांच्या कानावर गोष्ट गेलीच होती. ते आईला म्हणाले, "मशीन इला काय मगे माका कोण बोलयतलो?" त्यात राग नव्हता. पण त्यांची मे महिन्याची मजुरी म्हणजे त्यांच्या घरची पावसाळ्याची बेगमी. माझ्या वहीत या खर्चाला रकाना नव्हता, आईकडे होता. ती म्हणाली, "मशीन चालवतले तुम्हीच. मजुरी तीच." यंत्र येतं तेव्हा वाचलेले कष्ट कुणाचे आणि वाचलेले पैसे कुणाचे, हे आधी ठरवायला लागतं. आमच्याकडे ते दोन वाक्यांत ठरलं.

मशीन २०२२ च्या मे महिन्यात अंगणात आलं. २०२१ चे ओंडके अर्थातच मामांनी आणि त्यांच्या पुतण्याने कुऱ्हाडीनेच संपवले. आता मामा आधीसारखेच ओंडक्याकडे बघत बसतात, भेग पाचरीखाली आणतात आणि मग दोन्ही दांडे दाबतात. सात टनांच्या मशीनलाही गाठ आडवी आली की घाम फुटतो, तेव्हा ते बघणं वाया जात नाही. खांदा दुखतो, पण पूर्वीइतका नाही.

राहिला प्रश्न रोज सकाळी बंब पेटवायच्या चिरफळ्यांचा. त्यासाठी मोटर कोण सुरू करणार? आई एका हाताने लाकूड धरून दुसऱ्या हाताने कोयती मारते, आणि त्याची मला खरी धास्ती. न्यूझीलंडमधल्या आयला हचिन्सन नावाच्या शाळकरी मुलीने, आईचं बोट असंच कापलेलं बघून, २०१३ साली शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी यावर उपाय काढला. लोखंडी कड्याच्या आत पातं धार वर करून बसवलेलं. लाकूड त्यावर उभं करायचं आणि वरून हातोडा मारायचा. पातं जागेवर, धार हातापासून लांब. आईला चित्र पाठवलं तर म्हणाली, "हो तर आमचो आडाळोच!" खरंच की. आपल्या विळीचंही पातं जागेवरच असतं. आमच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्याचं पातं आणि जाड सळईचं कडं करून, ते फणसाच्याच एका बुंध्यावर ठोकून दिलं. रोज वापरात तेच आहे.

तुम्हालाही असं मशीन घ्यायचं असेल तर दुकानदार टन किती ते आधी सांगेल. ते ऐकून घ्या, आणि मग ओंडका उचलणार कोण, ते घरी विचारा.